शी, ईऽऽ, य्यक आणि मंडळी: किळस नेमकी कशी बोलायची?

कानोसा:

मंडळी, मदत हवी आहे.

मी परभाषेतल्या मालिकांना मराठी उपशीर्षकं लिहिते. (सबटायटल्स म्हणा हवं तर, मीही बोलताना तेच म्हणते.) सध्या हातात असलेल्या कामात चौदा-पंधरा वर्षांची पोरं आहेत आणि ती दर दुसऱ्या वाक्याला कशाला तरी नाक मुरडतात. संवाद मुख्यतः इंग्रजीत, मधूनमधून स्पॅनिश आणि कोरियन. यक, ईयू, ग्रोस, इकी, क्रिंज, के अस्को, वेक... आणि माझ्या पानावर बघावं तर 'शी!', 'शी!', 'श्शी!'. संपादकांनी शेवटी विचारलं की या मुलांना दुसरा शब्द येत नाही का.

आपल्याकडे शब्द कमी आहेत अशातला भाग नाही. किळस, शिसारी, तिटकारा, उबग, वीट, घृणा, ओंगळ, गलिच्छ, किळसवाणं... लिहायला बसलं की फौज उभी राहते. पण यातलं काहीही त्या वयाचं पोर फटकन बोलणार नाही. फटकन जे तोंडातून निघतं ते मोजकंच, आणि त्यातही प्रत्येकाची जागा ठरलेली. माझ्या कानाला जाणवतं ते असं: ईऽऽ हे स्पर्शाचं आणि वळवळणाऱ्याचं. पाल, झुरळ, हाताला लागलेलं काहीतरी चिकट. शी हे वासाचं आणि घाणीचं, शिवाय लटक्या रागाचंही ('शी, काहीही काय बोलतेस!'). छी म्हटलं की प्रकरण वागण्यावर जातं, त्यात 'लाज नाही वाटत?' हे न बोलता ऐकू येतं. थू तर सरळ माणसावरच. छ्या मध्ये किळस उरलेलीच नाही, नुसता हिरमोड. आणि य्यक बाहेरून आलेलं, पण आता कुणाला परकं वाटत नाही.

तर इतर भाषांतले असे बोलीतले शब्द सांगा, ते कुठे आणि कोणाच्या तोंडी येतात तेही सांगा. कोशातले नकोत, ते माझ्याकडे आहेत.

नाकतोडा:

धाग्याचं शीर्षक वाचून तोंड वाकडं झालं. म्हणजे धागा यशस्वी.

दूरचा दिवा:

जर्मन बोलणाऱ्यांत बरीच वर्षं काढल्यामुळे एवढं खात्रीने सांगू शकतो. तिथे दोन उद्गार अगदी रोजचे. एक इगिट्, जास्तच किळस आली की तो लांबवून इगिटिगिट्. दुसरा प्फुई. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. इगिट् स्वतःच्या अंगावर शहारा आल्यासारखा, प्फुई समोरच्याला दटावल्यासारखा. कुत्र्याने रस्त्यावरचं काही तोंडात घेतलं की मालक 'प्फुई!' म्हणतो आणि शिकवलेला कुत्रा ते टाकतो. फार चिडले तर 'प्फुई टॉयफल', टॉयफल म्हणजे सैतान. लहान मुलांना 'बाऽ' किंवा 'बॅऽ' म्हणून सांगतात, हात लावू नको, घाण आहे अशा अर्थी.

शेजारच्या डच भाषेत खाटफर आणि खाटफरडामे आहेत. ही मुळात देवाची शपथ, 'देव माझा सत्यानाश करो' अशा अर्थाची. देवाचं नाव असं घ्यायचं नाही म्हणून लोकांनी ते मुद्दाम मोडूनतोडून टाकलं आणि उरलेल्या तुकड्यातून किळस व्यक्त करायला लागले. जर्मन इगिट् च्या मागेही 'ओ गॉट' असावं असं मानतात. स्वीडिश लोक 'फ्यू फान' म्हणतात, त्यातला फान पुन्हा सैतानच. थोडक्यात, काही किळसवाणं दिसलं की उत्तर युरोपात देव नाहीतर सैतान हजर होतो.

पिंपळपार:

दिवाजी, हे आपल्याकडेही आहेच की. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं काही अमंगळ ऐकलं की कानावर हात ठेवून 'शिव शिव शिव' म्हणत. 'राम राम राम' तर अजून ऐकू येतं. ते भक्तीचं नव्हे, किळसेचंच.

कानोसाताई, ग्रोस या शब्दाने मात्र आमची पंचाईत केली. आमच्या लेखी ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४ नग. नात एकदा 'आजोबा, सो ग्रोस' म्हणाली तेव्हा मी विचारलं कशाचे.

अर्धविराम:

@पिंपळपार, दोन्ही ग्रोस एकाच घरचे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ जाड, मोठा. त्यावरून ठोक माल, त्यावरून ढोबळ, त्यावरून असंस्कृत, आणि विसाव्या शतकात अमेरिकन विद्यार्थ्यांनी त्याला सरळ 'किळसवाणं' करून टाकलं. त्याच्या शेजारचा ग्रोडी आणि ब्रिटिश ग्रोटी हे दोन्ही ग्रोटेस्क वरून. ग्रोटेस्कची कथा तर आणखी मजेदार आहे. रोममध्ये नीरोचा गाडला गेलेला महाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस सापडला. लोक दोर सोडून त्या 'गुहांत' उतरत आणि भिंतींवरची माणूस-पशू-वेल अशी सरमिसळ चित्रं पाहत. गुहेला इटालियनमध्ये ग्रोत्ता, म्हणून ती चित्रं ग्रोतेस्क. तिथून घसरत घसरत शाळेतल्या पोरांच्या तोंडी.

आता जरा जुनं. संस्कृतातले दोन मोठे शब्द, जुगुप्सा आणि बीभत्स, दोन्ही धातूला सन् प्रत्यय (एरवी 'करण्याची इच्छा' दाखवणारा) लागून झालेले आहेत. गुप् म्हणजे राखणे, जपणे, त्याचं जुगुप्सते. बध् चं बीभत्सते. पाणिनीने लागोपाठच्या दोन सूत्रांत (३.१.५ आणि ३.१.६) ही रूपं सांगितली आहेत. मला यातलं सगळ्यात आवडतं ते असं की जुगुप्सते ला पंचमी लागते: 'पापात् जुगुप्सते'. ज्यापासून दूर सरायचं त्याची विभक्ती. पाणिनीच्या सूत्रांना पुरवणी जोडणाऱ्या वार्तिककारांनी त्याची वेगळी नोंद केली आहे. रशियन भाषेत किळसेला अत्व्राश्चेनिये म्हणतात, त्यातही 'पासून तोंड फिरवणे' हाच अर्थ आहे. इंग्रजी डिसगस्ट मात्र जिभेवरचा, चव बिघडल्याचा शब्द. मराठीत आपण 'पापाची किळस' म्हणतो, षष्ठी. आणि विटतो मात्र 'त्याला'.

अवांतर: बीभत्सु हे अर्जुनाचं नाव आहे. विराटपर्वात राजपुत्र उत्तराला आपली दहा नावं समजावून सांगताना तो म्हणतो की लढताना मी बीभत्स कर्म करत नाही, म्हणून हे नाव. आणि नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा रंग निळा, देवता महाकाल. त्यातही प्रकार पाडलेत: रक्त वगैरे पाहून होणारा क्षोभज आणि विष्ठा, किडे पाहून होणारा उद्वेगी.

झुळूक:

दादा, पंचमी वगैरे दंडवत, पण ती पोरगी पडद्यावर काय म्हणणार? 'मला उद्वेगी बीभत्स होतंय' का?

आमच्या ग्रुपमध्ये सध्या काय चालतं ते सांगते. 'काय घाण आहे यार' हे सगळ्यात कॉमन, मुलं-मुली दोघंही. 'ईऽऽ' मुलगे सहसा म्हणत नाहीत, कुणी म्हटलं तर बाकीचे त्याला आठवडाभर चिडवतात. 'व्याक्' हे ओकल्याचा आवाज काढून, बहुतेकदा नाटकीपणे, कुणी फार गोडगोड बोललं की. 'बेक्कार' पण चालतं. क्रिंज (बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं) तर मराठीच झालंय, 'क्रिंज वाटलं', 'क्रिंज मारू नको'.

आणि घाण चा आता अर्थच राहिलेला नाही. 'घाण हसलो', 'घाण भारी खेळला'. फक्त खूप असा अर्थ.

नाकतोडा:

+१. परवा एकाने मला मेसेज केला, 'तुझा लेख घाण आवडला'. दोनदा वाचला, मग धन्यवाद दिले.

दूरचा दिवा:

@झुळूक, ही चाल सगळीकडे दिसते. इंग्रजीत नॅस्टी आणि फिल्दी हे वादकांच्या आणि खेळाडूंच्या तोंडी चक्क कौतुकाचे. एखादा जबरदस्त ठेका वाजला की ऐकणारे वादक नाक वर ओढून, वास आल्यासारखं तोंड करतात. त्याला त्यांच्यात स्टँक फेस म्हणतात, दुर्गंधीचा चेहरा. आपल्याकडे तबल्याच्या तिहाईला दाद देतानाचे काही चेहरे आठवून पाहा, लांबून कळत नाही की आवडलंय की दुखतंय.

भोचक:

सगळं छान चाललंय, पण एक गृहीतक कुणी तपासत नाहीये. यक, ओक, बर्क, ब्ल्या, थू, प्फुई, फू... सगळ्यांना वाटतंय की हे आवाज शरीरातूनच येतात, म्हणून जगभर सारखे. मला शंका आहे. मराठी माणसाला स्वीडिश उश्श ऐकवा. तो म्हणेल, कोणीतरी लाजतंय.

कानोसा:

@भोचक, उश्श वर खूप हसले. पण काहीतरी सारखं आहे हो. मला दोन टोळ्या दिसतात. एक ओठांनी बाहेर फुंकणारी: आपलं थू, जर्मन प्फुई, पोलिश फुई, हंगेरियन फूय, रशियन फू आणि त्फू. रशियन त्फू तर थुंकण्याचीच नक्कल आहे, आणि दृष्ट लागू नये म्हणून तो तीनदा म्हणतात. चिनी पेइ सुद्धा थुंकीचाच. दुसरी टोळी घशातली: यक, फ्रेंच बर्क, कोरियन वेक, बंगाली ओयाक, तमिळ उव्वे. हे सगळे उलटी यायच्या आधीचे आवाज. डार्विननेही १८७२ च्या पुस्तकात लिहिलं आहे की तीव्र किळसेत तोंडाच्या हालचाली ओकारीच्या तयारीसारख्याच असतात. एकाने तोंडात आलेलं बाहेर टाकायचं, दुसऱ्याने पोटात गेलेलं.

भोचक:

टोळ्या दोन पाडल्या तरी आपलं शी, छी आणि ई त्यात बसतच नाहीत. ना फुंकर, ना घसा. नॉर्वेजियन ॲश् बसत नाही. पोर्तुगीज एका बसत नाही. उरलेल्यांची तिसरी टोळी करणार असाल तर मग कशाचीही टोळी होते.

या प्रश्नावर काम झालंय. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात १३१ भाषांतले वेदना, किळस आणि आनंद यांचे उद्गार घेऊन स्वर तपासले. वेदनेच्या उद्गारांत आ आणि आई-आऊ सारखे स्वर जगभर जास्त सापडले. आपलं आई गं, इंग्रजी आऊच, तसेच बाकीचे. किळसेत असं काहीच सापडलं नाही, आनंदातही नाही. गंमत म्हणजे त्याच लोकांनी शब्द न वापरता नुसते आवाज काढायला लावले (इंग्रजी, जपानी, चिनी, स्पॅनिश, तुर्की बोलणाऱ्यांना), तेव्हा तिन्ही भावनांचे स्वर वेगवेगळे ओळखू आले. म्हणजे नुसता घशातला आवाज एकवेळ शरीराचा असेल, पण त्याचा शब्द झाला की तो त्या त्या भाषेचा होतो. लहान मूल 'ई' शिकतं ते घरच्यांचं ऐकून.

अर्धविराम:

भोचकराव, स्वरांबद्दल बोलताय ते ठीक. व्यंजनांचं काय? कानोसांच्या टोळ्या व्यंजनांच्या आहेत.

भोचक:

तो अभ्यास स्वरांचाच होता, मान्य. पण मग छी बघा. हिंदी छी, बंगाली छि, गुजराती छी, कन्नड छी, तेलुगू छी, तमिळ ची, मल्याळम छी, सिंहली ची आणि चिक्, नेपाळी छ्या. आर्य आणि द्राविड दोन्ही कुळं त्यात आली. शरीराचाच आवाज असता तर तो भारतीय उपखंडाच्या सीमेवर का थांबला असता? शेजाऱ्यांनी एकमेकांचं ऐकून उचललाय, एवढंच.

दूरचा दिवा:

हा मुद्दा पटला.

कानोसा:

मलाही. टोळ्या माझ्या सोयीसाठी ठेवते, सिद्धांत म्हणून नाही. पडद्यावर चेहरा दिसत असतो, ओठ मिटलेले असताना खाली 'ईऽऽ' लिहिलं तर विचित्र दिसतं, त्यामुळे ओठांचा हिशेब मला ठेवावाच लागतो.

मल्याळममधलं अय्ये मी विसरले होते. किळस, लाज, 'काहीतरीच काय' सगळं त्यात. आपल्या अय्या शी त्याचं काही नातं असेल असं कुणी म्हणायच्या आत सांगते, मला माहीत नाही आणि या धाग्यावर तो वाद नको.

तिथलीच आणखी एक: पांचट विनोदाला मल्याळी पोरं चळि म्हणतात, म्हणजे चिखल.

पिंपळपार:

पांचट हा काय कमी शब्द आहे? आणि कानोसाताई, तुम्ही उद्गारांच्या मागे लागलाय, पण मराठीची खरी श्रीमंती विशेषणांत आहे. बुळबुळीत, लिबलिबीत, गिळगिळीत, चिकचिकीत, रबरबीत, पचपचीत, गिचगिचीत. वाचतानाच बोटं पुसावीशी वाटतात. प्रत्येकाचा ओलेपणा निराळा. बुळबुळीत हातातून निसटतं, चिकचिकीत हाताला धरून ठेवतं, लिबलिबीत दाबलं की आत जातं आणि बाहेर येत नाही. रबरबीत मध्ये पाण्याचं प्रमाण जास्त. लुसलुशीत आणि लिबलिबीत यांत ओलावा आणि मऊपणा जवळजवळ तेवढाच, पण एकाला हात लावावासा वाटतो आणि दुसऱ्यापासून हात मागे येतो.

वासाचेही तसेच. कुबट, आंबूस, खवट, उग्र, ओशट, हिंवस. भपकारा हा शब्द तर मला फारच आवडतो. दार उघडल्याबरोबर तोंडावर येतो तो भपकारा, दर्प खोलीत बसून असतो. आणि क्रियापदं: बरबटणं, लडबडणं, बिलबिलणं. 'किडे बिलबिलले होते' याला दुसऱ्या कुठल्या भाषेत एका शब्दात सांगता येतं का बघा.

तुमच्या पोरांना 'शी' च्या जागी 'शी' चाच पर्याय कशाला हवा? तिला म्हणू द्या, 'काय गिळगिळीत आहे हे!'

कानोसा:

पिंपळपारकाका, हे मला कसं सुचलं नाही! जिथे वस्तू पडद्यावर दिसते आहे तिथे हे चपखल बसेल. टिपून घेतलं. जिथे माणसाबद्दल म्हणायचंय तिथे मात्र...

टाचण:

तिथेच मला बोलायचंय. इतका वेळ वाचत होतो.

किळसेचे शब्द वस्तूवरून माणसावर फार पटकन सरकतात, आणि बोलीतले तर सगळ्यात पटकन. वरच डार्विनचं पुस्तक आलं म्हणून त्यातलाच प्रसंग. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फ्यूगो मध्ये, तिथल्या एका माणसाने डार्विनच्या मांसाच्या तुकड्याला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला उघड किळस आली. डार्विनला किळस आली ती एका उघड्या 'रानटी' माणसाने आपल्या अन्नाला हात लावल्याची, आणि तो स्वतःच लिहितो की हात घाणेरडे दिसत नव्हते. एकच तुकडा, एकाची किळस पदार्थाची, दुसऱ्याची माणसाची.

आता आपली बोली. छपरी. कपडे, केस, गाडी, नाच, काहीही नावडलं की छपरी. छपराखाली राहणारा हा अर्थ शब्दात सरळ दिसतो आहे. शिवाय छप्परबंद नावाची विमुक्त जात महाराष्ट्रात आहे, त्या घरातल्या पोराने हा शब्द रोज ऐकायचा. हा शब्द क्रिंजच्या शेजारी बसवून 'पोरांची भाषा' म्हणून सोडून देता येत नाही. तुमच्या उपशीर्षकांत तो येऊ नये अशी विनंती.

झुळूक:

टाचण, मी वापरलेला नाहीये तो वर, पण खरं सांगायचं तर बोलताना वापरते. जातीचा वगैरे विचार कुणीच करत नाही हो. केस रंगवून बाइकवर स्टंट करणारा एवढाच अर्थ डोक्यात असतो.

टाचण:

कोणाचे केस रंगवलेले छपरी आणि कोणाचे स्टायलिश, हे कशावरून ठरतं ते एकदा पाहा. महागड्या सलूनमधून तोच रंग आला की शब्द बदलतो. तुम्ही विचार करत नाही हे मला खरंच वाटतं. विचार न करता योग्य माणसालाच लागतो, म्हणूनच तर तो शब्द त्या कामाचा आहे.

झुळूक:

हम्म. सलूनचं पटलं.

दूरचा दिवा:

हे बाहेरही तंतोतंत आहे. जपानी किमोई घ्या. किमोची वारुई, म्हणजे 'बरं वाटत नाही, मळमळतंय', याचा तरुणांनी केलेला तुकडा. सुरुवात पोटापासून, पण शाळेत तो पोरांवरच फेकला जातो, ॲनिमेवेड्या मुलांना किमो-ओता असं नावच आहे. कोरियन इंटरनेटवर माणसांच्या गटाला चुंग हा प्रत्यय लावतात, चुंग म्हणजे किडा. चिनी अशिन चा अर्थही मळमळ आणि किळस दोन्ही. २०१७ च्या सुमारास तिथे योउनी, म्हणजे तेलकट, हा शब्द आत्मसंतुष्ट मध्यमवयीन पुरुषांना चिकटला. तो मात्र मला आवडतो, कारण तो वरच्याला लागला.

अमेरिकन शाळांतला कूटीज म्हणजे नकोशा मुलाला शिवलं की लागणारा काल्पनिक संसर्ग. मूळ शब्द उवांचा, पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोलीतला, बहुधा मलय कुतु वरून. जपानी मुलांकडे तेच एंगाच्यो, त्यात बोटांची खूण करून संसर्ग तोडायचा. म्हणजे उवा गेल्या आणि खेळ राहिला.

नाकतोडा:

वातावरण गंभीर झालंय म्हणून एक हलकं. मेक्सिकोत किळस आली की फूची आणि ग्वाकाला म्हणतात, दोन्ही अगदी लहान मुलांच्या तोंडचे. २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, लोपेझ ओब्रादोर यांनी, भाषणात गुन्हेगारीला उद्देशून चक्क 'फूची, ग्वाकाला' म्हटलं. आपल्याकडे कुणी मंत्र्याने माफियांना 'शी बाबा, छी छी' म्हटल्यासारखं. लोकांनी त्यावर किती चेष्टा केली असेल याची कल्पना करा.

अर्धविराम:

अरबी उफ्फ राहिला. कुराणात (१७:२३) आईवडिलांना उफ्फ सुद्धा म्हणू नका असं सांगितलं आहे. म्हणजे वैतागाचा सगळ्यात छोटा उद्गार कोणता, तर तो. हिंदीत येईपर्यंत त्याची धार पार गेली आणि तो सौंदर्याच्या कौतुकालाही चालायला लागला.

आणि पोर्तुगीज नोझु. अर्थ किळस. 'के नोझु!' म्हणजे 'काय किळसवाणं!'. पण याच शब्दाचा जुना अर्थ शोक, त्यामुळे घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या रजेला ब्राझीलमध्ये अजूनही 'नोझु रजा' म्हणतात. कार्यालयात नवीन आलेल्या परदेशी माणसाला अर्ज वाचून काय वाटत असेल.

शेवटचं: मराठी व्याकरणांत तिरस्कारदर्शक केवलप्रयोगी अव्ययांच्या यादीत शी, थू, छी, हुड, फुस, हत् यांच्या रांगेत इश्श सुद्धा उभं केलेलं दिसतं. भोचकरावांच्या स्वीडिश लोकांना आता हसता येणार नाही.

भोचक:

हुड आणि फुस शेवटचं कोणी म्हणताना ऐकलंय का? व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर?

पिंपळपार:

मी ऐकलंय. तुमचं वय काय?

कानोसा:

मंडळी, खूप मिळालं. छपरी आमच्या मसुद्यात एका ठिकाणी होता (सहकाऱ्याने घातला होता), तो काढायला सांगते आहे. तिथे श्रीमंत घरातला मुलगा बोलतो, त्याच्या तोंडी अपमान हवाच आहे, पण प्रेक्षकाला तो हसण्यावारी न्यावासा वाटू नये. 'कुठून येतात हे लोक' असं ठेवलंय. किळस शब्दात नाही, सुरात आहे.

क्रिंजला दोन ठिकाणी कसंनुसं केलं. कोरियनमध्ये त्या क्षणी हातपाय आखडून वळतात असं म्हणतात, जर्मनमध्ये दुसऱ्याच्या वतीने लाज वाटते, कसंनुसं मध्ये दोन्ही थोडं थोडं आहे. बाकी ठिकाणी क्रिंजच राहू दिलं, झुळूकच्या म्हणण्याप्रमाणे.

अडलंय ते 'द इक' पाशी. आवडणाऱ्या मुलाची एखादी क्षुल्लक गोष्ट दिसते, तो बुटाची नाडी बांधतो किंवा बसमागे पळतो, आणि एका क्षणात मन उडतं, वर अंगावर शिरशिरी. केंब्रिज शब्दकोशाने हे २०२४ मध्ये घेतलं. एका ओळीत बसणारं मराठी?

पिंपळपार:

मनातून उतरला.

अर्धविराम:

मन विटलं. पण विटायला वेळ लागतो, हे एका क्षणात होतं. उतरला बरं.

झुळूक:

मनातून उतरला मध्ये शिरशिरी नाही ना काका. ते विश्वासघात वगैरे केल्यावर म्हणतात. आम्ही म्हणतो, 'मला एकदम शी झालं'.

नाकतोडा:

टंकताना जपा. 'शी झालं' चं 'शी झाली' झालं तर कथानक भलतीकडे जाईल.

कानोसा:

'त्याला बघून एकदम शी झालं मला.' हेच घेते. झालं या शब्दाला लाल खूण करून ठेवली आहे, नाकतोडा यांचे आभार.

वाटसरू:

उशिरा आलो. कोणी गुजराती आणि फारसी लिहिलं नाही म्हणून भर. गुजरातीत चीतरी चडे, आणि सूग चडे. दोन्हीकडे किळस 'चढते', आपल्याकडे ती 'येते'. फारसीत चेन्देश, अंगावर काहीतरी सरपटल्यासारखी शिरशिरी, आणि तरुण मंडळी माणसांनाही लावतात. तुमचं द इक फारसीत असतं तर काम सोपं झालं असतं.

कानोसा:

चेन्देश! टिपला. पुढच्या भागात एक इराणी मैत्रीण येणार आहे असं ऐकलंय, तेव्हा येते परत.